नाव कमी झाल्यावर

माझ्या भाचीचं नर्सिंग स्कूलमधून नाव कमी झालं, त्याला आता अडीच वर्षं होत आली. ‘नाव कमी होणं’ हा आम्हा शिक्षकांचा शब्द. मूल शाळा सोडून गेलं, की पटावरून त्याचं नाव कमी करतात. तिला आलेल्या पत्रात ‘डिसकंटिन्यूड’ असा इंग्रजी शब्द होता. अर्थ एकच.

या काळात ओळखीच्या आणि अनोळखी बऱ्याच आईबापांनी मला विचारलं, की आमच्या मुलीचंही असंच झालंय, आता ती नर्स होऊ शकते का? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवावं म्हटलं. भाचीची परवानगी घेतली आहे. तिची अट एवढीच, की स्कूलचं नाव यायचं नाही आणि तिचंही नाही. घरात तिला मुन्नी म्हणतात, इथेही मुन्नीच म्हणू.

मुन्नी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बाजी सांगोल्यात असते. दूल्हाभाई बागवान आहेत. डाळिंबाच्या दिवसांत डाळिंब, एरवी बाजारात जे फळ येईल ते. मुन्नी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, बारावी आर्ट्समधून झाली आणि २०२१ मध्ये तिने जीएनएमला प्रवेश घेतला. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, तीन वर्षांची पदविका. स्कूल दोन जिल्हे पलीकडे, होस्टेलवर राहायचं. खानदानात कुरकुर झालीच. आमच्याकडे सीरतच्या जलशात हजरत रुफैदांचा उल्लेख अभिमानाने होतो. मदिनेत मशिदीजवळ त्यांचा तंबू होता, खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना तिथेच नेलं होतं, हे सगळं ऐकून लोक माना डोलावतात. जलसा संपला आणि घरातली मुलगी म्हणाली, की मला नाइट ड्युटीचा कोर्स करायचाय, की त्याच माना आडव्या हलायला लागतात. दूल्हाभाईंनी मात्र कुणाचं ऐकलं नाही. फीचा पहिला हप्ता त्यांनी हातगाडीच्या शेजारच्या दुकानदाराकडून उसना घेतला होता.

पहिल्या वर्षी बायोसायन्समध्ये ती नापास झाली. पुरवणी परीक्षेत सुटली. दुसऱ्या वर्षी दूल्हाभाईंना हार्टचा त्रास झाला, सोलापूरला अँजिओप्लास्टी झाली आणि मुन्नी पाच आठवडे घरी राहिली. बाजीला दवाखान्यातलं काही समजत नव्हतं, धाकटा भाऊ आठवीत, मग कोण थांबणार? पण भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे, की परीक्षेला बसायचं तर थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत किमान ऐंशी टक्के हजेरी लागते. आणि वॉर्डातले बुडालेले तास तर पदविका मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. हा नियम मला जाचक वाटत नाही. सलाइन कसं लावायचं हे कुणाच्या वहीतून उतरवून घेता येत नाही.

एवढंच असतं तर एक वर्ष मागे राहून भागलं असतं. परत गेल्यावर, बुडालेले तास भरून काढण्यासाठी ती लागोपाठ रात्रपाळ्या करत होती. सर्जिकल वॉर्ड, एक स्टाफ नर्स, दोन विद्यार्थिनी. पहाटे सहाला सगळ्या पेशंटचं टीपीआर घ्यायचं असतं, म्हणजे ताप, नाडी, श्वास. त्या पहाटे रांगेतल्या शेवटच्या चार खाटांजवळ ती गेलीच नाही. चार्टवर चौघांचाही ताप ९८.६ लिहून मोकळी झाली. आठ वाजता दिवसपाळीच्या सिस्टरनी त्यातल्या एका बाईंना हात लावला आणि थर्मामीटर लावलं, तर १०२.४. पोटाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. दोन तासांत इतका ताप चढला, की रात्रभर होता आणि कुणी बघितलाच नाही, हे डॉक्टरांना चार्टवरून कळेना. जखमेत पू झाला होता. त्या बाई बऱ्या झाल्या, घरी गेल्या. पण चौकशीत मुन्नीला विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगितलं.

मला तिने फोन केला तो होस्टेलच्या जिन्यातून. ‘खाला, मेरेकू निकाल दिये.’ मग बऱ्याच वेळाने, ‘मैं टेम्परेचर देखीच नैं थी, लिख दी.’

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात एक प्रश्न आलाच असेल. स्कार्फमुळे काढलं का? आडनाव बघून का? मलाही नातेवाइकांनी पहिला प्रश्न हाच विचारला आणि दोघा-तिघांनी तर उत्तराची वाटही पाहिली नाही. नाही. तिच्या वर्गात आणखी दोन मुस्लिम मुली होत्या, त्या पास होऊन आज नोकरीला आहेत. जिथे अन्याय होतो तिथे मी लिहिते, हे इथले वाचक जाणतात. म्हणूनच जिथे झाला नाही तिथे झाला म्हणणार नाही.

चार्टबद्दल स्कूलने कडक भूमिका घेतली, हे मला पटतं. बी.एड.ला असताना वर्गात पाठ न घेताच टाचणवही पूर्ण करणारे मी पाहिलेत. त्या खोट्या टाचणाने फार तर एखाद्या वर्गाचा एक तास वाया जातो. चार्टवरचा खोटा आकडा वाचून डॉक्टर औषध ठरवतो. मात्र एकवीस वर्षांच्या, लागोपाठ रात्रपाळ्या केलेल्या, विचारल्यावर खरं बोललेल्या मुलीला एक वर्ष मागे ठेवणं पुरलं नसतं का, हा प्रश्न माझ्या मनात अजून आहे. आणि पुढे स्कूलने जे केलं ते तर मुळीच पटत नाही. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवला. तिसऱ्या वर्षाची फी भरा आणि कागद न्या! जे वर्ष तिला शिकवणारच नव्हते, त्याची फी.

पुढच्या महिन्याभरात आमच्यापुढे जे जे मार्ग आले, ते सांगते. सगळे मार्ग दिसायला नर्सिंगकडे जाणारेच होते.

सगळ्यात आधी आला एजंट. कुणाच्या तरी लग्नात दूल्हाभाईंना भेटला. बाहेरच्या राज्यातली जीएनएमची पदविका, हजेरीची गरज नाही, परीक्षेचं आम्ही बघतो, नोंदणीसकट अडीच लाख. बाजी जवळजवळ तयार झाली होती. गळ्यातलं मोडायचं, असंही ठरलं होतं. मी दूल्हाभाईंना नोंदणी म्हणजे काय असतं ते समजावलं, तेच इथेही सांगते, कारण सगळं यावर अडतं.

आपल्या राज्यात नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस कायद्याखाली. मान्यताप्राप्त संस्थेत शिकून मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा पास झालं, की त्या आधारावर नोंदणी क्रमांक मिळतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नाव न्यायचं तर आधीच्या परिषदेकडून पडताळणी मागवली जाते. आता तर भारतीय परिषदेने देशभराचं एक संगणकीय रजिस्टर केलंय, त्यात प्रत्येक नर्सला आधारशी जोडलेला स्वतंत्र क्रमांक असतो. आखातात जायचं असेल तर डेटाफ्लो नावाची पडताळणी असते. ते लोक थेट शिक्षणसंस्थेला आणि परिषदेला विचारतात, की ही मुलगी तुमच्याकडे खरोखर शिकली का. विकत घेतलेला कागद आज ना उद्या अशा एखाद्या टेबलावर उघडा पडतो. तेव्हा एजंटचा फोन लागत नाही.

दूल्हाभाई गप्प ऐकत होते. मग म्हणाले, ‘मतलब, सडा हुआ अनार उप्पर से लाल.’ एजंट प्रकरण तिथेच संपलं.

दुसरा मार्ग आमच्या मिरजेतही आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात भिंतींवर रंगवलेला दिसतो. सहा महिन्यांत नर्सिंग, एका वर्षात नर्सिंग डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून दूरदूरचे पेशंट इथे येतात. एवढे दवाखाने म्हटल्यावर हाताखाली माणसं लागतातच. असे कोर्स केलेल्या मुली पांढरा किंवा निळा ड्रेस घालून उभ्या असतात, पेशंट त्यांना सिस्टर म्हणतात, मालकही म्हणू देतो. पगाराच्या दिवशी मात्र त्या सिस्टर नसतात. यात सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रमही आहे, जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णसहायकाचा. त्या कामाला मी कमी लेखत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून देणं हे सवाबचं काम आहे. पण ती नोंदणीकृत नर्स नाही आणि दहा वर्षं ते काम केलं तरी होणार नाही. हे प्रवेश घेतानाच मुलीला सांगणारी संस्था मला अजून भेटायची आहे.

दहा वर्षांवरून आठवलं. दूल्हाभाईंचा एक पुतण्या कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरच्या कामात आहे. त्याने तिथून कळवलं, की त्यांच्याकडे खालच्या पायरीच्या नर्सला व्होकेशनल नर्स म्हणतात. त्या राज्यात नर्सिंग स्कूल पुरं न करताही त्या परीक्षेला बसायची एक वाट आहे. रुग्णालयात खाटेजवळ केलेल्या पगारी कामाचा निदान ५१ महिन्यांचा अनुभव आणि औषधशास्त्राचा ५४ तासांचा कोर्स, हे दाखवलं की परीक्षेला बसता येतं. पास झालं, की परवाना. पुढे शिकून मोठी नर्सही होता येतं. मी चौकशी केली, ते खरं निघालं. पण तो त्या राज्याचा कायदा आहे. आपल्याकडे अनुभवाचं नोंदणीत रूपांतर होत नाही. तिकडे शिक्षणानंतर परवान्याची वेगळी परीक्षा असते, आपल्याकडे तशी नाही. शाळेचं दार हेच आपल्याकडचं दार. म्हणून शाळेने बाहेर काढलं, की दुसऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त शाळेच्याच दारातून आत यावं लागतं. पत्राने, घरबसल्या, रविवारच्या वर्गांनी मुलगी पहिल्यांदा नर्स होत नाही. जी आधीच नोंदणीकृत नर्स आहे तिच्यासाठी पुढच्या शिक्षणाच्या सोयी वेगळ्या.

त्याच स्कूलकडे पुन्हा प्रवेशासाठी अर्ज केला. नाकारला. ज्यांच्या मुलीचं नाव फक्त हजेरीमुळे किंवा आजारपणामुळे गेलं असेल, त्यांनी मात्र ही पायरी गाळू नये. लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, डॉक्टरचे कागद जोडावेत. बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना तर प्रवेशापासून आठ वर्षांत कोर्स पूर्ण करायची मुभा असते, तेव्हा एका वर्षाने जग बुडत नाही. मुन्नीला बी.एस्सी.चा मार्ग नव्हता. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं, ती आर्ट्सची.

दुसऱ्या दोन जीएनएम स्कूलमध्ये आम्ही जाऊन आलो. दोघांनीही सांगितलं, थेट दुसऱ्या वर्षात घेता येणार नाही, पहिल्यापासून सुरू करा. फीचा आकडा ऐकून बाजी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. अँजिओप्लास्टीचं कर्ज अजून फिटायचं होतं.

उरलं एएनएम. आपल्या खेड्यातली उपकेंद्राची नर्सबाई असते ना, ती. दोन वर्षांचा कोर्स, फक्त मुलींसाठी, बारावी आर्ट्सचीही चालते. पास झालं, की परिषदेत सहायक परिचारिका म्हणून नोंदणी होते आणि नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो. जीएनएम झालं, की पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचं. हिशेब केला तर पदवीपर्यंत दोन, तीन आणि दोन मिळून सात वर्षं. मुन्नीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, ‘तब मैं अठ्ठावीस की.’ मी म्हटलं, अठ्ठावीसची तू तशीही होणारच आहेस.

बाजीला हे पसंत नव्हतं. तिच्या दृष्टीने ही उतरंड होती. जीएनएमवरून एएनएमवर, म्हणजे वरच्या इयत्तेतून खालच्या. शेजारपाजारचे काय म्हणतील, हेही होतं. तोवर खानदानात दुसरा ठराव पास झाला होता, की आता निकाह करून टाका. मुलगा बघितलेलाही होता. मुलाच्या आईने निरोप पाठवला, की मुलगी नर्सिंगमधून काढलेली आहे ते आम्ही चालवून घेऊ! दूल्हाभाईंना हा निरोप फार लागला. ज्या मुलीच्या शिक्षणाला हेच लोक नाव ठेवत होते, तिला शिक्षण सुटलं म्हणून आता चालवून घेणार होते. त्यांनीच मला फोन केला, की तुझ्याजवळ ठेवून घे आणि एएनएमला घाल.

कागदांसाठी चार महिने लागणार होते आणि प्रवेश तोंडावर होते. यात मला काही विशेष करावं लागलं नाही, शिक्षकाला जे येतं तेवढंच केलं. स्कूलला मराठीत एक साधं पत्र लिहिलं, रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपून ठेवली. उत्तर आलं नाही. मग दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिकांसाठी विभागीय मंडळाकडे अर्ज केला. मूळ गुणपत्रिका अडकली, हरवली, जळाली तरी मंडळ दुय्यम प्रत देतं, हे कितीतरी पालकांना ठाऊक नसतं आणि नेमका त्याचाच फायदा अशा संस्था घेतात. एएनएम स्कूलने हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश दिला. तीन पत्रं आणि दूल्हाभाईंच्या दोन फेऱ्या झाल्यावर जुन्या स्कूलने मूळ कागद दिले, तिसऱ्या वर्षाची फी न घेता. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिलं होतं, हे मी नोंदवून ठेवते. त्यांना वाईट लिहिता आलं असतं.

पण त्याआधी घरात एका गोष्टीवरून जोराचा वाद झाला. एएनएमच्या प्रवेशाला जाताना आधीचं सांगायचं की नाही? बाजीचं म्हणणं, गॅपचं प्रतिज्ञापत्र करू, वडील आजारी होते म्हणून दोन वर्षं घरी होती असं लिहू. अर्धं खरंच आहे. वकिलाकडे तसा नमुना तयार असतो. मी विरोध केला, पण निर्णय माझा नव्हता. मुन्नी दोन दिवस काही बोलली नाही. मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर थांबले होते, दार उघडंच होतं. प्राचार्याबाई साठीच्या जवळपासच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, बारावीनंतर काय करत होतीस? आणि मुन्नीने सगळं सांगितलं. चार्टचंही. मराठीत, अडखळत.

बाईंनी विचारलं, ‘त्या पेशंटला ताप किती होता?’

‘एकशे दोन पॉइंट चार.’

‘आणि तू किती लिहिलास?’

‘अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.’

‘नाव काय त्यांचं?’

मुन्नीला नाव आठवेना. खाट नंबर अकरा, एवढंच म्हणाली.

‘नाव पण माहीत असायला हवं,’ बाई म्हणाल्या आणि पुढच्या कागदावर सही केली. प्रवेश दिला म्हणून मी त्यांचं कौतुक करत नाही. त्यांनी विचारलं, म्हणून करते. जुन्या स्कूलच्या चौकशीत त्या पेशंटबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं, सगळे प्रश्न नियमाबद्दल होते.

फीसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. बागवान ओबीसीत येतात, त्यामुळे जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर काढून ठेवलं. सरकारी कागद मिळायला त्यांचा वेळ घेतात; दोन्ही दाखले बारावीच्या सुट्टीतच काढून ठेवावेत, मुलगी पुढे काहीही शिको.

आता माझ्या विषयाकडे येते. दोन वर्षं मुन्नी माझ्याकडे राहिली आणि रोज रात्री आम्ही तास-दीड तास बसायचो. तेव्हा मला कळलं, की बायोसायन्समध्ये ती नापास का झाली होती. डोकं कमी नव्हतं. उर्दू माध्यमाच्या विज्ञानात ती पेशीला खलिया शिकली होती, धमनीला शिरयान, शिरेला वरीद, मूत्रपिंडाला गुर्दा. यकृताला जिगर. अकरावी-बारावीत विज्ञान सुटलं. मग जीएनएमला एकदम इंग्रजी पुस्तक. सेल, आर्टरी, व्हेन इथवर ठीक, पण पुढे किडनीचं रीनल होतं आणि लिव्हरचं हिपॅटिक. हा हिपॅटिक म्हणजेच आपला जिगर, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती हिपॅटिक आर्टरीचं स्पेलिंग पाठ करत होती आणि ती शरीरात कुठे असते ते तिला माहीत नव्हतं. मराठी माध्यमाच्या मुलींचीही वेगळी गत नसते, फक्त त्यांची उडी एका भाषेची असते. उर्दू माध्यमाच्या मुलीची दोन भाषांची. तिला पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत आणि विचार दख्खनीत.

आम्ही एक लांब वही केली, जमाखर्चाची असते तशी. तीन रकाने, उर्दू, मराठी, इंग्रजी. महिनाभराने मुन्नीनेच चौथा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, ‘पेशंट क्या बोलता’. त्यात पोटात मुरडा येतो. चमक मारते. जीव घाबरा होतो. हातापायाला मुंग्या येतात. डोस्कं जड झालंय. दिल बैठा जाता. एक म्हातारी म्हणायची, काळजात पाणी झालंय. मुन्नीने ते लिहून घेतलं आणि समोरचे तिन्ही रकाने कोरे ठेवले. मी पंचवीस वर्षं भाषा शिकवते आहे, भाषेचा असा उपयोग माझ्या कुठल्या प्रशिक्षणात आला नव्हता. ती वही आता दोनशे पानांच्या वर गेली आहे. माझ्या शाळेतल्या नववीच्या मुलींना मी तिची पानं दाखवते; ज्यांना नर्सिंगला जायचं आहे त्या तशीच वही करतात.

एएनएम स्कूलमध्ये शिकवणाऱ्या सिस्टर मराठीत समजावून सांगत. बाळंतपण, लसीकरण, माता-बाल संगोपन, प्राथमिक आरोग्य केंद्राचं कामकाज, हा तिथला अभ्यास. गावांत जाऊन राहावं लागे. सपाट भागात पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासनाचा निकष आहे. तिथे डॉक्टर रोज नसतो. असते ती हीच बाई. पहिलं बाळंतपण तिने हाताखाली राहून केलं, त्या रात्री दहा वाजता मला फोन आला. ‘खाला, लडकी हुई.’ मागून आणखी कुणीतरी हसत होतं. कुणाला झाली, वजन किती, सगळं सांगितलं, आईचं नावसुद्धा. बाजी आता ‘उतरंड’ हा शब्द वापरत नाही. तिच्या गल्लीत कुणाच्या बाळाला ताप आला, तरी मुन्नीला फोन लावून देते.

मुन्नी पास झाली, परिषदेत नाव लागलं, क्रमांक मिळाला. तो क्रमांक दूल्हाभाईंनी हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर, बिस्मिल्लाहखाली लिहून ठेवलाय. आता घरात पुन्हा दोन तट आहेत. बाजी म्हणते, कंत्राटी का होईना, उपकेंद्रात जागा मिळाली तर घे, कर्ज फिटू दे, जीएनएमचं नंतर बघू. मुन्नीला याच वर्षी जीएनएमला जायचंय. नोकरी लागली की शिक्षण राहून जातं, असं ती म्हणते. मला दोघींचंही पटतं. मात्र फॉर्म मुन्नीने आणून ठेवला आहे.

त्या फॉर्मवर यापूर्वी कुठल्या स्कूलमधून नाव कमी झालं होतं का, असा रकानाच नाही. तिने एका कोऱ्या कागदावर ते लिहून काढलंय, वर्ष, कारण, सगळं, अर्जासोबत जोडायला. मला फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासायला दिलं होतं. ‘नोंद’ला तिने अजून दीर्घ ‘दी’ लावलाय, ‘नोंदी’ लिहायचं होतं की ‘नोंद’, ते विचारायचं राहिलंय.